डाव्या कोपऱ्यातला उजेड

दुपारच्या सामसुमीत दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं. हेमा कॉम्प्युटरपुढून उठली, गॅस बंद केला, सतरंजीवर झोपलेल्या तीन वर्षांच्या उत्तराचं पांघरूण सारखं केलं आणि परत येऊन बसली.

स्क्रीन आता कोरी असायला हवी होती. नव्हती.

ठाण्याच्या नाट्यगृहाचा नकाशा तिने चार लेयरमध्ये काढला होता, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा. भिंती, नेपथ्य, दिवे, आणि नट कुठे उभे राहतात ती वर्तुळं. हवा तो लेयर दाखवायचा, नको तो झाकायचा. आत्ता चारही झाकलेले होते. तरी रंगमंचाच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात एक वर्तुळ उरलंच होतं. त्या कोपऱ्यात नाटकभर कुणीच उभं राहत नव्हतं.

आठवडाभर हेच चाललं होतं. पुसलं की जायचं, फाईल पुन्हा उघडली की हजर. घाईत भलत्याच लेयरवर रेघ पडते, ही चूक तिने आर्किटेक्टकडे नोकरीला असताना शंभरदा निस्तरली होती. पण हे वर्तुळ कुठल्याच लेयरवर नव्हतं.

सुधीर म्हणजे हेमाच्या नवऱ्याचा, आनंदचा, कॉलेजातला मित्र. त्याच्या स्पर्धेच्या नाटकाची प्रकाशयोजना हेमाकडे होती. उत्तरा झाल्यापासूनचं तिचं हे पहिलं काम. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, लेक झोपली की ती ते करायची. तिने फोन करून वर्तुळाचं सांगितलं तेव्हा सुधीर हसला. झोप होत नसेल तुमची, म्हणाला. कोपरा काळोखातच हवा, वर्तुळ काढून टाका, आणि लेकरू सांभाळून झेपत नसेल तर ठाकुर्लीचा गोविंदा काम घ्यायला तयारच आहे.

हेमाने रिसीव्हर ठेवला आणि ती त्या वर्तुळाकडे वळली.

"लपत नाहीस ना?" उत्तरा उठू नये म्हणून ती हळूच म्हणाली. "मग दिस. चांगली दिस."

वर्तुळाला आपण 'चांगलं' न म्हणता 'चांगली' का म्हणालो, हे तिचं तिलाच कळलं नाही. तिने त्या कोपऱ्यावर रोखलेला एक दिवा नकाशात काढला. त्यानंतर वर्तुळ मुकाट्याने नटांच्या लेयरवर जाऊन बसलं. झाकलं की जायचं, दाखवलं की दिसायचं.

रंगीत तालमीला आनंदला रजा मिळाली नाही, तेव्हा उत्तराला कडेवर घेऊनच ती ठाण्याला पोचली. तिथला इलेक्ट्रिशियन कुंडलिक नकाशा बघता बघता थबकला.

"ताई, त्या कोपऱ्यात कोणी लाइट टाकत नाय."

का, ते त्याने सांगितलं नाही. नकाशात आहे म्हणजे लागणार, असं हेमाने ठणकावलं. त्याने लावला.

सुधीरने उजेड पाहिला आणि सगळ्या नटमंडळींदेखत तिला सुनावलं.

"वहिनी, ही भाजी नाही मनाला येईल ते घालायला. बंद करा तो."

"नाही करणार. प्रकाशयोजना माझी आहे."

मग त्याने स्वतःच दिवे मंद करायच्या डिमरचे दांडे एकेक करून खाली ओढले. रंगमंच विझत गेला.

कोपरा विझला नाही.

कुंडलिक शिडीवर चढला. त्याने त्या दिव्याची पिन उपटली. वायर मोकळी लोंबत राहिली.

उजेड तसाच होता. त्यात धूळ तरंगत होती. फक्त माणसाच्या रुंदीइतक्या एका जागी तरंगत नव्हती.

सुधीरने दांड्यांवरचे हात काढून घेतले.

"राहू दे," तो म्हणाला. "तुम्हीच करा सगळं."

काम हेमाचंच राहिलं. तिने मान ताठ ठेवली आणि कोपऱ्यावरची नजर हलवली नाही. तिला तिथे कुणीच दिसत नव्हतं.

उत्तराने मात्र कडेवरून टाटा केला. मग इवल्या हातांनी आईची हनुवटी आपल्याकडे वळवली.

"आई, मी तर तुझ्या कडेवर आहे ना? मग त्या आईच्या कडेवर पण मी कशी?"