भिंतीवरची हिरवी खूण

"क्लारा आंटी, माका उद्यापासून कामार येव नको म्हणतत," डेलिशा दारातच म्हणाली. "लिओनकाकाची होडी फुटली, त्येचा खापर माझ्यार."

क्लारा पिंटो सावंतवाडीत खासगी तपास करी. तिचा मदतनीस सत्यवान गाडी झकास चालवी. डोकं मात्र कायम पहिल्या गिअरमध्ये.

हाताला प्लास्टर घातलेल्या लिओनलाही त्यांनी गाडीत घेतलं. डेलिशाच्या कंपनीकडे जाताना वाटेत तिने समजावलं. तिची कंपनी मच्छीमारांच्या फोनवर वाऱ्याचा इशारा पाठवते. त्यातल्या प्रत्येक माहितीला ठरलेलं नाव असतं. नाव बदललं, की फोन ती ओळखत नाही आणि गप्प बसतो. म्हणून नवा कोड तिच्याकडे तपासायला आला, की एक प्रोग्रॅम जुनी आणि नवी रचना ताडून पाहतो आणि प्रत्येक बदल अहवालात आपोआप कळवतो. बदल असला तर लाल खूण, नसला तर हिरवी. या वेळी वाऱ्याच्या माहितीचं नाव बदललं होतं, तरी खूण हिरवी आली. डेलिशाने कोड मंजूर केला. लिओनचा फोन गप्प राहिला आणि होडी वादळी वाऱ्यात सापडली.

मालक सर्वेश परुळेकरांच्या टेबलावर फळांची परडी होती. सत्यवानाने आंबा उचलून दात लावला आणि कळवळला.

"लाकडी आहे!" परुळेकर खूश झाले. "पाहुण्यांना खरा वाटतो."

क्लाराने आधी कोड लिहिणाऱ्या सिद्धेशला विचारलं.

"नाव मियाच बदललंय," तो म्हणाला. "डेलिशाक लिवन ठेवलेलंय, जुन्या फोनांक धक्को बसता काय, तां अहवालात बघ."

"त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगला कोण हात लावू शकतं?"

"मी आणि सर."

परुळेकरांनी खुणा दाखवणाऱ्या भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट केलं. "मुलगी निष्काळजी, दुसरं काय? यंत्र चोख आहे. महिनाभर एकही लाल खूण नाही! पूर्वी पाहुण्यांसमोर नुसती शोभा व्हायची."

"महिनाभरात नवीन काही केलंत?"

"म्हणजे काय! लाटांची उंची घातली, भरतीची वेळ घातली."

सत्यवान कुजबुजला, "सिद्धेशानच बिघडवल्यान."

"सत्यवाना, पहारेकऱ्याला झोपवणारा माणूस 'त्यालाच विचार' असं लिहून ठेवेल का?" क्लारा परुळेकरांकडे वळली. "लाटा आल्या, भरती आली, तरी खूण हिरवी. म्हणजे यंत्र नव्या रचनेची तुलना जुन्या रचनेशी न करता तिच्याशीच करतंय. आरशात बघणाऱ्याला दुसरं कोण दिसणार? सेटिंग दोघांच्या हातात. सिद्धेश सुटला. भिंतीच्या रंगाची लाज तुम्हालाच वाटत होती."

"लाल बरं दिसत नाही हो पाहुण्यांसमोर," परुळेकर पुटपुटले.

"लिओन फुटक्या फळीला धरून तरंगत होता. तेही काही बरं दिसत नव्हतं."

तिने दाताची खूण असलेला आंबा त्यांच्यापुढे सरकवला. "जपून ठेवा. कुजायचा नाही. तुमच्या अहवालासारखाच आहे."

सिद्धेशने सेटिंग पूर्ववत केलं. क्षणात भिंत लालेलाल झाली. वाऱ्याची ओळ सगळ्यांत वर होती.

लिओन उठला. परुळेकरांकडे त्याने पाहिलंही नाही.

"चेडवा," तो डेलिशाला म्हणाला, "तपासूक तू रवलंस, तरच आमी दर्यात जातलों."