दूरशेजार

रेवाचं बोट हललं, म्हणजे ते रेवानेच हलवलं असेल, असं त्या दिवसांत सांगता येत नव्हतं. बोट पुण्याच्या वसतिगृहात असे आणि ते चालवणारी तर्जनी नांदेडला, तिच्या वडिलांच्या हाताला.

व्हॉलीबॉल खेळताना तिच्या तर्जनीचा अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा तंतूंचा पट्टा, अर्धवट फाटला होता. "शस्त्रक्रिया नको," डॉ. तांबोळींनी तिच्या वडिलांना, अनिरुद्ध सोनटक्क्यांना, समजावलं होतं. "खपाची, म्हणजे आधाराची ताठ पट्टी, बांधली तर तंतू जुळतील, पण बोट आखडेल, हिचा खेळ संपेल. शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधलं की ते धडधाकट बोट याला चालवतं. पण हिचं शेजारचं बोटही दुखावलंय. म्हणून शेजार लांबून आणायचा."

त्यालाच दूरशेजार म्हणत. दोन बोटमोजे, एक निरोगी माणसाला, एक रुग्णाला. पहिलं बोट हललं की दुसरंही तस्संच हलतं. "बोट नुसतं बरं होत नाही, चालवणाऱ्याची चालही शिकतं," डॉक्टर म्हणाल्या होत्या. रक्ताच्या नात्यातलं बोट उत्तम, म्हणून बापाचं घेतलं. सोनटक्के कौतुकाने गावभर बोटमोजा दाखवत फिरले.

तपासणीला रेवा आणि तिचे आईवडील पुण्यात भेटले. रेवा आत डॉक्टरांसमोर बसली. बाहेर काचेपलीकडे सोनटक्के बायकोवर खेकसत होते. "जुना एक्स-रे घरी राहिलाच कसा? एक काम धड होत नाही तुझ्याकडून!"

मृणाल खाली मान घालून ऐकत होती. सोनटक्क्यांची नजर सहज आत गेली. रेवाची तर्जनी डॉक्टरांच्या नाकासमोर ताठ उभी राहून थरथरत होती. रेवाने दुसऱ्या हाताने ती घाईघाईने मांडीवर दाबली.

"सॉरी डॉक्टर. बाबा आहेत ते," अर्धवट उघड्या दारातून तिचा आवाज आला. "वर्गातही होतं असं. मैत्रिणी म्हणतात, तुझ्या घरी सुरू झालं वाटतं."

सोनटक्क्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातलं घरातच राहतं, अशा भ्रमात त्यांनी सगळा संसार केला होता. ते आत येऊन बोटमोजा ओढू लागले.

"आत्ता काढलात तर तिचा सांधा आखडेल," डॉक्टर त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "राहू द्या. बोट तेवढं सांभाळा."

त्यांनी सांभाळलं. बोट कामात राहावं म्हणून मृणाल मटाराच्या शेंगा पुढ्यात ठेवी, ते सोलत. राग आला की मूठ आवळत. शहाणं व्हायला लेकीचं बोट मोडावं लागलं, याची त्यांना शेंगेगणिक लाज वाटे.

रेवाचं बोट ठणठणीत झालं. खपाची आणि चिकटपट्टीपेक्षा दूरशेजार सरस ठरला. बोटमोजे निघाले.

पहिल्या सामन्याला नवराबायको दोघंही गेले. रेवाने चेंडू सुरेख उचलून दिला. पुढच्या मुलीने तो जाळ्यात मारला. रेवा गर्रकन वळली. तिची तर्जनी त्या मुलीच्या नाकासमोर ताठ उभी राहून थरथरू लागली.

सोनटक्क्यांचं बोट मांडीवर गप्प पडलं होतं. शेजारी मृणालने, सवयीने, मान खाली घातली होती.