डाव्या कानातलं उत्तर

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली. कुणाला हसायचं असेल तर हसा. घरच्यांकडून उडत उडत ऐकलं तेव्हा मीही आधी हसलेच होते.

आमच्या घरात भूतखेत कुणी मानत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, उतारा नाही. शर्मिला मावशी तर या बाबतीत सगळ्यात कडक. लहानपणी आम्ही पोरं घाबरलो की ती दिवा बंद करून अंधारात उभी राहायची आणि म्हणायची, "बघा, मला काही होतंय का?"

म्हणूनच तिने स्वतः हे सांगितलं तेव्हा मला ते झटकून टाकता आलं नाही.

बोपोडी. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. गुरुवारची संध्याकाळ.

गुरुवार नक्की आठवतो, कारण त्या दिवशी पाणी बंद होतं. बिल्डिंगमध्ये ना नळाचा आवाज, ना मोटरचा. सगळं कसं चिडीचूप.

आधी मावशीबद्दल थोडं सांगायला हवं.

तिला लहानपणी गालगुंड झालं आणि त्यात डावा कान गेला. कायमचा. त्या कानाने काही ऐकल्याची तिला आठवणसुद्धा नाही. आम्हा सगळ्यांना सवयच आहे, मावशीशी बोलायचं तर उजव्या बाजूने बोलायचं. समाधान काका, म्हणजे तिचे मिस्टर, रस्त्याने चालताना कायम तिच्या उजव्या हाताला. शाळेत तिला समूहगीतातून काढलं होतं. बाई म्हणाल्या, हिला कान नाही. मावशी हे हसत सांगायची, पण प्रत्येक वेळी सांगायची.

पाटबंधारे खात्यात नोकरी. वय पन्नाशीला टेकलेलं. काका खडकीच्या फॅक्टरीत. एकुलती एक मुलगी अपेक्षा, लग्न होऊन बंगळूरला.

मावशीच्या वाढदिवसाला अपेक्षाने तिला कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत नेलं. तिथे तिघं जण जॅझ वाजवत होते. पियानोवाला मध्येच हात उचलून गप्प बसायचा आणि बाकीचे त्याच्या गप्प बसण्याभोवती वाजवत राहायचे. मावशी जेवण सोडून त्याच्याकडेच बघत होती.

महिन्याभरात घरात जुना इलेक्ट्रिक पियानो आला. शिकवायला प्रज्ञेश नावाचा एक मुलगा मिळाला, औंध रोडला क्लास घेणारा. तिरकस बोलायचा, पण शिकवायचा मनापासून.

खालच्या मजल्यावरच्यांनी लगेच लिफ्टशेजारी पाटी लावली, की या इमारतीत संगीताची आवड नसलेली माणसेही राहतात, त्यांचाही विचार व्हावा. मग मावशी हेडफोन लावून वाजवू लागली. दोन्ही कानांवर हेडफोन, ऐकू फक्त उजव्यात.

पहिले काही महिने काही जमेना. स्वर बरोबर यायचे, पण गाणं व्हायचं नाही. त्या गुरुवारच्या आठवड्यात प्रज्ञेश तिला म्हणाला, "मॅडम, तुम्ही सरकारी फॉर्म भरल्यासारखं वाजवता. एकही रकाना रिकामा सोडत नाही. एक वाक्य वाजवा आणि थांबा. समोरच्याला उत्तर देऊ द्या."

"समोर कोण आहे?" मावशीने विचारलं.

"असं समजायचं."

तर त्या गुरुवारी संध्याकाळी मावशी ऑफिसातून आली. चहा घेतला. काका अजून यायचे होते. दिवेलागणीची वेळ. तिने हेडफोन लावले आणि एक छोटंसं वाक्य वाजवलं. चार-पाच स्वरांचं.

हात उचलले.

थांबली.

आणि...

उत्तर आलं.

पियानोवरच. तिच्याच वाक्याला धरून, थोडं खाली उतरत, शेवटी हलकेच थांबत.

डाव्या कानात.

मावशी मला म्हणाली, "मला आधी कळलंच नाही काय झालं ते. मला वाटलं, खोलीला अचानक आणखी एक बाजू फुटली."

तिने हेडफोन काढले. पुन्हा वाजवलं. बाहेर आवाज नाही, हेडफोनची पिन लावलेलीच होती. पण उत्तर आलं. डाव्या कानात बोट घातलं. तरी आलं. शेवटी तिने पियानोचं बटण बंद केलं आणि टेबलावर नखाने टकटक केलं.

थांबली.

डाव्या कानात, पियानोवर, तसाच ठेका वाजला...

भीती? नाही. ती रडायला लागली, आनंदाने. काका आले तेव्हा ती त्यांना धरून सांगत होती की अहो, माझा कान आला, डावा कान आला.

काकांनी डाव्या बाजूला उभं राहून हाक मारली. टाळी वाजवली.

काहीच नाही.

त्या कानाला काकांचा आवाज येत नव्हता. कुणाचाच येत नव्हता. फक्त *त्याचा* येत होता.

काका तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे ती काचेची बंद खोली असते ना, आत बसायचं, कानावर हेडफोन लावायचे आणि आवाज आला की बटण दाबायचं. तपासणारी मुलगी काचेपलीकडे बसली. मावशी आत. दार लागलं.

मावशी बटण दाबू लागली. दाबतच राहिली.

थोड्या वेळाने दार उघडून ती मुलगी आत आली. चेहरा जरा गोंधळलेला.

"मॅडम, मी अजून आवाज सुरूच केलेला नाही."

रिपोर्टमध्ये डावा कान पूर्वीसारखाच, पूर्ण निकामी. उजवा मात्र थोडा उतरला होता. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं.

इथेच थांबायला हवं होतं. पण मावशी थांबली नाही. मी एकदा चिडून तिला विचारलं, का नाही थांबलीस?

ती म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या डाव्या बाजूला येऊन बसलं होतं गं."

ती त्याला 'पलीकडचा' म्हणायची.

रोज संध्याकाळी दोघं वाजवायचे. ती एक वाक्य, तो एक वाक्य. सुरुवातीला पलीकडचाही तिच्यासारखाच कच्चा होता, अडखळायचा. मग दोघंही सुधारत गेले. प्रज्ञेशला कळेना की या बाईंना झालंय काय. वर्षानुवर्षं वाजवणाऱ्या माणसाची समज तिच्या हातात आली होती. एकच गोष्ट त्याला खटकायची. वाजवताना ती मध्ये लांब थांबायची. आणि त्या रिकाम्या जागेत मान हलवायची. कधी दाद द्यायची.

एकदा तर खुदकन हसली.

प्रज्ञेशने मला नंतर सांगितलं, की त्या दिवशी त्याने क्लास लवकर संपवला.

डिसेंबरात आवाज जायला लागले.

आधी पारवे. त्यांच्या बाथरूमच्या डक्टमध्ये पारवे असतात, दिवसभर घुमतात. एक दिवस मावशी म्हणाली, बरं झालं, पारवे गेले एकदाचे. काकांनी डक्टमध्ये डोकावलं. पारवे तिथेच होते. घुमत होते.

मग कुकरची शिट्टी. मावशी स्वयंपाकघरात ओट्यापाशीच उभी होती. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या आणि डाळ करपून कुकर काळा झाला. काका धावत आले तर ती शांतपणे कोथिंबीर निवडत होती.

मग रेल्वेचा भोंगा. मग दाराची बेल.

डॉक्टर म्हणाले, उजवा कान उतरतोय. मशीन घ्या. मशीन घेतलं, उपयोग शून्य. डॉक्टरांना एकच कोडं उलगडेना. कान जातो तेव्हा सगळेच आवाज हळूहळू मंद होतात. इथे एकेक आवाज मुळासकट जात होता. बाकीचे जिथल्या तिथे. मावशीला काकांचं घोरणं ऐकू यायचं, पण बेल नाही.

हे असं का, ते मावशीला जानेवारीत कळलं.

संध्याकाळ होती. तिने एक वाक्य वाजवलं आणि थांबली. पलीकडच्याने दोनच स्वर वाजवले. एक वर, एक खाली.

तिला ओळखीचे वाटले.

त्याने पुन्हा वाजवले. तेच दोन. पहिला जरा लांबवलेला, दुसरा तोडलेला...

आ... ई.

अपेक्षा फोनवर अशीच हाक मारते. अगदी अशीच.

आणि मग मावशीला मागचं सगळं आठवलं. पारवे गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने खाली, खर्जात, काहीतरी घुमवलं होतं. तिने कौतुकाने त्याला साथ दिली होती. कुकरच्या आदल्या दिवशी एकच उंच, तीक्ष्ण स्वर, पुन्हा पुन्हा. तिला वाटलं होतं, काय सुंदर सुचलंय याला.

तो आधी वाजवून दाखवत होता.

तिने उत्तर दिलं की घेऊन जात होता.

तिने हात मागे घेतले. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. पण तिच्या म्हणण्याप्रमाणे तोवर तिच्या उजव्या हाताने ते दोन स्वर वाजवून झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपेक्षाचा व्हिडिओ कॉल आला. तिला सातवा महिना होता. पडद्यावर ती हसली. तिचे ओठ हलले.

मावशीने फोन कानाला लावला. आवाज वाढवला. पुन्हा वाढवला.

शेजारी उभ्या असलेल्या काकांना अपेक्षाचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

त्याच दिवशी पियानो घराबाहेर काढला. पडत्या भावात विकून टाकला. प्रज्ञेशकडे शिकणं बंद. मावशीने सगळं काकांना सांगितलं. ते भले माणूस, त्यांनी एका शब्दानेही तिला वेड्यात काढलं नाही.

वाटलं, सुटली.

पण दोनच दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी ती ऑफिसात फाइल बघत होती आणि...

यावेळी त्याने सुरुवात केली.

एक वाक्य. मग गप्प.

वाट बघत.

पुन्हा तेच वाक्य. पुन्हा गप्प.

आता तो विचारत होता आणि उत्तर तिने द्यायचं होतं. पियानोची गरजच उरली नव्हती. जेवताना, बसमध्ये, वंदना म्हणताना, तेच वाक्य, जरा जोरात, मग आणखी जोरात. तिची बोटं आपोआप वळवळायची. ती हात मांडीखाली दाबून बसायची. जेवताना काका तिला भरवायचे, कारण ताट दिसलं की बोटं त्याच्या काठावर जायची.

किती दिवस तग धरणार? माणूस झोपतो की नाही?

एका दुपारी तिचा डोळा लागला. काका शेजारी पेपर वाचत होते. त्यांना दिसलं, की मावशीची बोटं उशीवर चालतायत. सावकाश. अगदी जाणत्या हातासारखी. काकांनी घाबरून तिला हाक मारली, खांद्याला धरून हलवलं.

तिने डोळे उघडले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

काकांचा आवाज गेला होता.

बाळ मार्चमध्ये झालं. मुलगा. अपेक्षा बाळंतपणाला इथेच आली होती. मावशीने त्याला मांडीवर घेतलं. ते टाहो फोडून रडत होतं आणि ती त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत बसली होती. तोवर उजव्या कानात काहीच उरलं नव्हतं.

मी एप्रिलमध्ये तिला भेटायला गेले. हे सगळं तिने मला तेव्हाच सांगितलं. मी फोनवर टाइप करून प्रश्न विचारायचे, ती बोलून उत्तर द्यायची. बोलणं स्वच्छ होतं, नेहमीचंच. फक्त मध्येच ती डावीकडे मान कलवायची आणि वाक्य अर्धवट राहायचं.

मी टाइप केलं, आता काय वाजवतोय?

तिने डावीकडे मान कलवली.

"परवापासून एक लांबलचक वाजवतोय. चढउतार, मध्ये श्वास. मला आज सकाळी ओळखू आलं." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ऋतिका, माझं बोलणं आहे ते."

मी तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. संध्याकाळपर्यंत सोडले नाहीत. मग मला निघावं लागलं, आणि काकांनी धरले.

दोन दिवसांनी काकांचा मेसेज आला. सकाळी मावशी उठली, तोंड उघडलं, ओठ हलले. आवाज नाही. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. घसा ठीक, स्वरयंत्र ठीक. कारण सापडत नाही म्हणाले.

मी पुन्हा गेले. ती खिडकीपाशी बसली होती. हात मांडीवर, मोकळे. बोटं अगदी स्थिर. मला बरं वाटलं. मी टाइप केलं, त्रास थांबला का?

तिने माझ्या हातातून फोन घेतला. सावकाश टाइप केलं आणि मला परत दिला.

'तो गेला. आता माझ्याकडे घेण्यासारखं काही नाही.'

मी वाचत होते तेवढ्यात तिने फोन परत मागितला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

'मला वाटलं होतं, निदान तो तरी राहील.'

मी उठून तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.

त्याला आता काही महिने झाले. मावशी तशीच आहे. काका रिटायरमेंटचा अर्ज टाकून घरी बसलेत. प्रज्ञेशने क्लास बंद केला, गाव सोडलं असं ऐकलं. पियानो कुणी नेला, ते माहीत नाही.

माझं म्हणाल तर मी बसमध्ये हेडफोन लावून गाणी ऐकायचे, ते सोडलंय. गाणं संपतं आणि दुसरं सुरू होतं, त्या मधल्या जागेत मला बसवत नाही. घरी कुणी विचारलं तर कान दुखतो म्हणून सांगते.

उजवा सांगते. डावा म्हणायची हिंमत होत नाही.