जयाबाईचा सांगावा

करंट गेलाय तर जाऊ दे, ते मोबाईल बंद करा. डोळ्यांना थोडी अंधाराची सवय असावी. भूत बघितलंय का म्हणून तुम्ही मघाशी विचारलंत. मी नाही बघितलेलं. पण भरमाबरोबर जे झालं ते त्यानं मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं, आणि भरमा खोटं बोलणारा माणूस नव्हता. खोटं बोलून राखायला त्याच्याकडं कसली इभ्रतही नव्हती. ती भानगड मोठ्या लोकांची.

बेळगावातल्या एका खाजगी दवाखान्यात आम्ही दोघं कामाला होतो. मी केसपेपरच्या खिडकीत, तो वर आयसीयूत वॉर्डबॉय. आयसीयू म्हणजे तरी काय, तीन खाटा आणि श्वास देणारं एक मशीन. साल शहाऐंशी, मे महिन्याची चौदा तारीख, बुधवार. सकाळी दहाला थोरल्या डॉक्टरांनी भरमाला एक बंद पाकीट दिलं. म्हणाले, परशरामअण्णांना नेऊन दे आणि सही घेऊन ये. भरमानं डबा पिशवीत टाकला आणि निपाणीची बस पकडली.

हे परशरामअण्णा म्हणजे निपाणीजवळच्या एका गावचं बडं प्रस्थ. गावाचं नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं तिथं नांदतात. त्यांची आई जयाबाई. नऊ दिवसांपूर्वी डोक्यातली शीर फुटून पडली होती. त्याआधी महिनाभर म्हातारी डोकं धरून कण्हत होती, तेव्हा हे म्हणाले बाम लाव. राहायची घरामागच्या परड्यातल्या खोलीत, पेंडीच्या पोत्यांशेजारी. आणि पडल्यावर मात्र बेळगावचा सगळ्यात महाग दवाखाना! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते असं.

यात आईची माया चिमूटभर नव्हती बरं का. गुरुवारी पंधरा तारखेला दुपारी बारा पस्तीसला अण्णांच्या थोरल्या मुलाचं लग्न. कोल्हापूरकडचा बडा व्याही, दोन हजार पत्रिका. आई गेली तर तेरा दिवसांचं सुतक, लग्न पुढं, आणि तोवर व्याही दुसरं स्थळ बघून मोकळा. म्हणून म्हातारीचा श्वास हवा होता. गुरुवार दुपारपर्यंत पुरला की झालं.

डॉक्टरांनी तपासून तिसऱ्याच दिवशी निदान केलं होतं. मेंदू मेलाय, आपला आपण श्वास नाही, बाहुलीवर उजेड टाकला तरी ती हलत नाही, मशीन काढलं की संपलं. पण आपल्याकडं सुतक धरतात ते कानावर पडल्यापासून. परगावी कोणी गेलं आणि चार दिवसांनी कळलं, तर कळेल तेव्हा अंघोळ. अण्णांनी यातून नामी वाट काढली. त्यांनी ऐकायचंच सोडून दिलं.

डॉक्टर बोलायला लागले की हा बाप्या दोन्ही हात कानांवर ठेवायचा. "त्यो शब्द तोंडातनं काढू नगा डॉक्टर. काळीज उडतंय न्हवं? मग आई हाय."

जयाबाईची लेक अक्काताई नऊ दिवस बाहेरच्या बाकावर बसून होती. ती पाया पडायची. "आण्णा, आई ऱ्हायली न्हाय रं. नळीनं व्हट फाटलंत तिचं. सोड की तिला. लगीन काय, म्होरल्या म्हैन्यात बी हुईल."

"तू परक्या घरची," अण्णा म्हणाले. "तुला इचारतंय कोन?"

काय म्हणालास? डॉक्टरांनी सरळ बंद का नाही केलं? अरे, मेंदू मेला म्हणजे माणूस मेलं, असं म्हणणारा कायदाच नव्हता तेव्हा. तो आला नव्वदनंतर, तोही अवयव काढण्यापुरता. त्या वेळी काळीज चालू तर माणूस जिवंत. अण्णांनी वकील आणला, त्यानं नोटीस दिली, की मशीनला हात लावाल तर खुनाचा गुन्हा घालू. आणि अक्काताईचा अर्ज होता, की माझ्या आईचे हाल थांबवा. डॉक्टर भला होता, पण भित्रा. त्यानं पाकिटात सगळी हकिगत लिहिली आणि परवानगीची सही मागितली. म्हणजे स्वतःच्या गळ्यातली धोंड भरमाच्या हातात दिली.

भरमा मांडवात पोचला तेव्हा हळदीची धांदल होती. त्याचं स्वतःचं गावही तेच. त्यानं पाकीट पुढं केलं. लग्नासाठी केसांना कलप लावून, चमेलीचं तेल चोपडून बसलेल्या अण्णांनी हात मागं घेतला, साप बघितल्यासारखा.

"सत्याप्पाचा नातू न्हवं तू? तुजा आज्जा आमच्या घरचं सांगावं घिऊन गावोगाव पळायचा. रगतातच हाय तुमच्या. पन आज त्वांड मिटून जायाचं. परवा ये, परवा सांग काय सांगायचं त्ये. आनि मागल्या दारी जेवून जा."

ऐका, हे तुम्हाला माहीत हवं. कोणी मेलं की ती बातमी सोयऱ्याधायऱ्यांना नेऊन सांगायची, याला सांगावा म्हणतात. ते काम भरमाच्या आज्जाच्या गळ्यात होतं. उन्हातान्हात अनवाणी पंधरा मैल जायचं, दारात उभं राहून सांगायचं, आणि उंबऱ्याबाहेर ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायचं. सत्याप्पानं छप्पन्न साली बुद्धाचा धर्म घेतला आणि गावकीची सगळी कामं त्याच दिवशी टाकली. ज्यांनी त्या माणसाला कुत्र्यासारखं पळवलं, त्यांनाच आता बातमी नको झाली होती. थू असल्या मोठेपणावर.

भरमा जेवला नाही. रात्री नऊला दवाखान्यात आला, पाकीट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं आणि ड्युटीवर चढला.

सव्वादोनला करंट गेला.

जनरेटरचा पट्टा आठवडाभर तुटलेला होता. मालुबाई म्हणून नर्स होती, ती कंदील आणायला खाली गेली. अक्काताई बाहेर बाकावर झोपली होती. दुसऱ्या दोन्ही खाटा रिकाम्या. मशीन बंद पडलं की जयाबाईला हातानं श्वास द्यायचा. तोंडातल्या नळीला रबरी फुगा लावायचा. दाबायचा, सोडायचा. मिनिटाला पंधरा वेळा. भरमाला त्याची सवय होती.

बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. चंद्र कधीच मावळलेला. भरमा अंधारात मोजत होता. दाबला की छाती वर. सोडला की हवा बाहेर.

त्या बाहेर येणाऱ्या हवेत आवाज होता.

आता समजून घ्या. ती नळी घशातून थेट खाली गेलेली असते. ती असताना जिवंत, धडधाकट माणसालाही बोलता येत नाही. आवाज निघायला वाटच नसते.

दाबला. सोडला.

"भरमा..."

त्याचा हात थांबला. आवाजही थांबला.

पण हात थांबवून चालणार नव्हतं. थांबला तर खून. नोटिशीत तसंच होतं.

दाबला. सोडला.

"सांगावा..."

दाबला.

"सांग... जा..."

भरमा मला म्हणाला, आप्पा, भीती नंतर वाटली. आधी कळलं ते हे, की हवा माझ्या हाताची हाय. मी दाबतोय म्हणून ती बोलतीया.

घाम डोळ्यांत उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता. तो कसाबसा बोलला, "आई... त्ये काम आमी सोडलंय. आज्जानं सोडलं. मी न्हाय करनार."

दाबला. सोडला. नुसती हवा.

दाबला. सोडला. नुसती हवा...

मग...

"खरं... हाय... तुजं..."

दाबला.

"मीच... जाते..."

आणि फुगा हलका झाला. एकदम. दाबायला जोरच लागेना. भरमानं वर बघितलं, तर...

काही नाही. अंधार.

तेवढ्यात कंदील घेऊन मालुबाई आली. उंबऱ्यातच थांबली. "दार कुनी उघडलं रं? मी कडी लावून गेलते की."

दोन चाळीसला करंट आला. मशीन सुरू झालं. पडद्यावर काळीज उडत होतं, आधीसारखंच.

आता तिकडं गावात काय झालं ते ऐका. अण्णांच्या भाऊबंदांची बत्तीस घरं. त्या पहाटे अडीच-पावणेतीनच्या दरम्यान बत्तीसही दारांवर थाप पडली. बाहेरून म्हातारा आवाज, दम लागलेला. "जयाबाई गेली..." कोणी दार उघडलं, कोणी नाही. ज्यांनी उघडलं त्यांना काही दिसलं नाही. पण ऐकलं म्हणजे ऐकलं. बत्तीस घरं उठली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. सकाळी मांडवात भाऊबंदकीतलं काळं कुत्रं फिरकेना.

फक्त एका दारावर थाप पडली नव्हती. लेकाच्या. त्यानं कान झाकलेत हे म्हातारीला ठाऊक असणार.

अण्णांनी मांडवात दवंडी पिटावी तसं सांगितलं, "मी काय ऐकलेलं न्हाय! भाऊबंद जळत्यात माज्यावर." पहाटेपासून त्यांनी डोक्याला फेटा घट्ट बांधलेला होता, अंघोळीलासुद्धा सोडला नाही म्हणतात. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. बाराच्या सुमारास नवरीकडचं वऱ्हाड दाराशी आलं, ताशा वाजला, व्याहीभेट सुरू झाली. व्याहीभेटीत काय करतात? व्याही व्याह्याच्या डोक्यावर आपल्या हातानं मानाचा फेटा बांधतो. त्यासाठी आधीचा काढावा लागतो.

"ऱ्हाऊ दे हो पाव्हणं," अण्णा म्हणाले. "हाय की बांधलेला."

व्याह्याला वाटलं, मानपान चाललाय. त्यानं हसत हसत फेट्याला हात घातला.

ताशा थांबला.

गुळगुळीत डोकं. वस्तरा फिरलेलं. मागं चार केसांची शेंडी राखलेली... आईबापाला अग्नी देणाऱ्याची असते तशी. अंगावर जरीचा कोट, आणि हे डोकं.

व्याह्यानं हातातला फेटा गुंडाळला आणि विचारलं, "पाव्हणं, घरात कोन गेलंय?"

अण्णांनी दोन्ही हात कानांवर नेले. गावच्या न्हाव्यानं शपथेवर सांगितलं, माझा वस्तरा पेटीबाहेर आलेला नाही. लग्न मोडलं. पाव्हणे पंगतीला न बसता परत गेले.

तिकडं बेळगावात बारा पस्तीसला जयाबाईचं काळीज आपोआप थांबलं. मशीन चालूच होतं, कोणी हात लावला नव्हता. डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पहिल्यांदा तो शब्द मोठ्यानं उच्चारला. अक्काताई रडली नाही. म्हणाली, "सुटली."

मालुबाई, अक्काताई आणि भरमा, तिघं अंग पुसायला लागले. नऊ दिवस जयाबाईचे हात सैल पडलेले होते, बोटं उघडी. भरमा रोज बघायचा. आता उजवी मूठ घट्ट मिटलेली. अक्काताईनं एकेक बोट सोडवलं.

मुठीत केस होते. पुरुषाचे, आखूड, चमेलीच्या तेलाचे. वरून कलप लावलेले, मुळाशी पांढरे.