खरखरीतले आजोबा

“या पेटीतला एकही भाग बदलू नकोस. अगदी तसाच मिळाला तरी नको,” बेटावर जाताना बाबांनी बजावलं होतं. मी “हो हो” म्हटलं, आणि पेटी बंद पडल्यावर बाजारातून तसाच दिसणारा रोधक (विजेचा प्रवाह अडवणारा चिमुकला भाग) आणून बसवला.

बाबा बेटावरच्या जुन्या दीपगृहात एकटे राहून लाटा मोजतात. त्यांचा निरोप आणायला आणि औषधाच्या गोळ्या पोचवायला ड्रोन आहे; तो निरोप ऐकवते आणि ड्रोनला हुकूम देते ती ही पेटी. आज ते गच्चीवर उतरलं, पण पेटीतून नुसती खरखर! गोळ्या भरल्या, तरी आमचा हुकूम मानून ते उडेना.

“आजोबांनी सांगितलं होतं ना तुला!” माझी लेक चार्वी कमरेवर हात ठेवून म्हणाली. “आणि ही खरखर कसली?”

“खरखरीतच आजोबा लपलेत गं.”

बाबा मला शिकवायचे तसं मी तिला कणकेच्या गोळ्यावर शेजारी शेजारी दोन तीळ लावायला सांगितलं. “लाट, दुमड, परत लाट.”

“अगं, एक काठाला गेला, एक मधे!”

“लाटायची रीत एकच, तरी केसाएवढा फरक वाढत गेला. याला केऑस म्हणतात (नियम पक्का, पण पुढचं सांगणं अवघड). ड्रोनमधला परिपथ (विजेची फिरती वाट) अशीच खरखर करतो आणि तिच्यात निरोप मिसळतो. आपल्या पेटीत त्याचा जुळा आहे. येणारी खरखर त्याला आपल्या तालात ओढते. मग आलेल्या खरखरीतून जुळ्याची खरखर वजा केली, की उरतो निरोप. वाटेत निरोप पळवणाऱ्या चोराकडे जुळा नाही, म्हणून त्याला निरोप कळत नाही, आणि त्याचा खोटा हुकूम ड्रोन मानत नाही.”

“आणि तू जुळ्याचा भागच बदललास! मग आपणही चोरच की!”

बाबांच्या जुन्या गोळ्या संपत आल्या असतील.

चार्वीने पेटीत डोकावून नव्या रोधकाचा केसाएवढा फरक भरून काढणारा बारीक जुळणीचा पेच शोधला.

“हळू फिरव गं, हळू!”

खरखर विरळ झाली. तिच्याआडून खोकला आला, मग आवाज, “...सुमे, जेवलीस का?”

मी पेटीला कान लावून निरोप शेवटपर्यंत ऐकला आणि हुकूम दिला. ड्रोन गोळ्या घेऊन समुद्राकडे निघालं.

“मी मोठी झाले की हा जुळा नखाएवढ्या चिपमध्ये बसवीन,” चार्वी म्हणाली. “सगळ्या ड्रोनमध्ये!”

बाळांनो, कधी त्या बेटावर गेलात तर दीपगृहाच्या पायऱ्या चढा. आजोबांना विचारा, गोळ्या घेतल्या का? ते हो म्हणतील. तरी डबी उघडून बघा.