एक कान अब्बांचा, एक माझा

अरसलानची आणि माझी गाठ पडली ती अब्बांच्या कानांपायी. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगमधल्या यंत्रांच्या घरघराटात अर्धं आयुष्य काढून अब्बांचे कान कामातून गेले होते. त्या साली बोंडअळीनं कापूसच खाल्ला, जिनिंग बंद पडली आणि अब्बा दिवसभर घरी टीव्ही लावून बसू लागले. आवाज एवढा, की शेजारच्या तानाबाई आपल्या अंगणात बसून आमच्या टीव्हीवरच्या बातम्या ऐकायच्या.

"कानात घालाचं ब्लूटूथ पाहिजे," आर्णीच्या बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात मी म्हटलं. "टीव्हीले जोडता येते का?"

काउंटरमागच्या मुलानं मान वर केली. डोळे हसरे... नको तितके.

"येते ना. टीव्हीच्या मांगं ही डबी लावाची. फोनही जोडून देतो. फोन आला का टीव्हीचा आवाज आपोआप थांबते. नंबर सांगा."

"नंबर कायले?"

"चेक करा लागन ना. कानात घाला अन् त्या रसवंतीपर्यंत जा."

मी गेले. रस्त्यात ऑटो, दुचाक्या, भाजीवाल्यांचा गलका — आणि या सगळ्यातून त्याचा आवाज, अगदी खांद्यामागून आल्यासारखा.

"ऐकू येऊन राह्यलं?"

"येते."

"मंग चेहरा लाल काहून झाला?"

"ऊन हाये," मी म्हटलं. आभाळ गच्च भरलेलं होतं.

त्यानंतर त्या डबीला काय काय रोग जडले, विचारू नका. दर दोन दिवसांनी मी दुकानात. मला लहानपणापासून खोड आहे, गोष्ट कशी चालते ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. त्यात सांगणारा असा असेल तर...

"तार नाही, मंग आवाज जाते कुठून?"

"हवेतून."

"अन् मधात तानाबाई उभ्या राह्यल्या तर?"

"त्याईले थोडी ऐकू येते? ज्याच्याशी जोडी जमली, त्यालेच येते," तो म्हणाला आणि उगाच काउंटर पुसू लागला.

आमची जमली होती. पण मुकुटबनचं एक स्थळ आलं होतं आणि अब्बा शुक्रवारी त्यांना होकार देणार होते. त्याआधी बोलायला हवं होतं. बरं, अब्बांना गुपचूप काही सांगायची सोय नाही. एक वाक्य तीनदा ओरडावं लागतं, तोवर ते एसटी स्टँडपर्यंत पोचलेलं असतं. अम्मीला गळ घातली, तर ती म्हणाली, "माह्या गळ्यात नाही तेवढा जोर. तूच सांग."

गुरुवारची संध्याकाळ आली तरी माझं तोंड उघडलं नव्हतं. अब्बा कापसाच्या बातम्या बघत होते, एक ब्लूटूथ त्यांच्या कानात, दुसरं माझ्या. त्यांना कसं ऐकू येतं याचं मला कुतूहल, म्हणून ही सवय. तेवढ्यात फोन थरथरला. अरसलान. मी कानातल्यावर बोट टेकवून फोन घेतला आणि लगबगीनं स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"सांगतलं का अब्बाले?"

"नाही. हिंमतच नाही होऊन राह्यली," मी कुजबुजले.

"मंग उद्या मी येतो. सरळ म्हणतो — चाचा, तुमची पोरगी दुकानात येऊन मले सतरा सवाल विचारते. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी माह्यं कशातच मन लागत नाही. मले निकाह कराचा हाये तिच्याशी..." तो थांबला. "पण लई भेव वाटते तुह्या अब्बाचं."

मी वळून पाहिलं. अब्बांची नजर टीव्हीवर नव्हती, माझ्यावर होती. बोट कानावर घट्ट दाबलेलं. फोन आला की बोलणं एका कानात येतं की दोन्ही, एवढा एकच सवाल माझा विचारायचा राहिला होता.

"भेव कायले वाटते त्याले?" अब्बा त्यांच्या नेहमीच्या आवाजात गरजले. "सांग त्याले, उद्या नमाजनंतर आपल्या अम्मीले घेऊन ये म्हणा." मग जरा थांबले. "पण तुह्यं काय, बेटा? मुकुटबनवाल्याईले नाही म्हणू?"

अम्मीचं लाटणं थांबलं. भिंतीपलीकडे तानाबाईंचा झाडू थांबला. हळू बोलून चालणार नव्हतं. मी छातीभर श्वास घेतला.

"हो अब्बा! मले अरसलानच पसंत हाये!"

अब्बांनी "काय?" विचारलं नाही. नुसती मान डोलावली, कानातलं काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि टीव्हीकडे वळले.

फोन अजून चालूच होता.

"अलफिया... पुरा कान बसला माहा," अरसलान म्हणाला. आवाज ओला झाला होता. "पण अजून एकदा म्हण ना."

मी परत म्हटलं. हळू... अगदी त्याच्यापुरतं.