टेम्पोतला पाळणा

भिंगारेशेठ पाळण्याचा नमुना नेहमी वेगळा बनवून घेत. त्यात ऊब देणारी तार जाड, वरून पुसून लख्ख केलेला. टेम्पोतला माल मात्र हलक्या तारेचा. सरकारी खरेदीत असंच चालतं, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि त्यावर त्यांना झोपही छान लागत असे.

त्या सकाळी सातपुड्यातल्या एका रुग्णालयात, भरलेला टेम्पो बाहेर उभा करून, त्यांनी नवजात बाळांना ऊब देणारा पाळणा टेबलावर ठेवला आणि सवयीने दर सांगायला तोंड उघडलं.

"दर नंतर," खरेदी अधिकारी हेमांगी वळवी म्हणाल्या. "नवे नियम वाचलेत ना? आधी वस्तूचं आयुष्य बघायचं. घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं, शेजारी बसून."

"वाचलेत की," शेठनी ठोकून दिलं.

वळवीबाईंनी आयुर्दर्शक सुरू केला. हे यंत्र वस्तूचा कण न् कण वाचतं, त्यात इथली थंडी, विजेचे चढउतार, जन्मांचे आकडे मिसळतं आणि ती वस्तू पुढे कशी जगेल ते दाखवतं. शेठना वाटलं, एखादा आलेख दिसेल.

खोलीभर उजेड पसरला आणि त्यात पाळणा वापरात आला. पहिलं बाळ ओंजळीत मावेल एवढं होतं. हळूहळू त्याच्या अंगावर लाली आली, कुणीतरी त्याला उचललं, दुसरं आलं. हिवाळ्यामागून हिवाळे सरकले. पाळण्याचा रंग उडाला, चाकं बदलली, भिंतीसुद्धा बदलल्या. तार तापतच राहिली. आज ज्यांच्या आयाही जन्मलेल्या नाहीत अशी बाळं त्यात जांभया देत होती.

"बाळं अंदाजाची आहेत," वळवीबाई हळूच म्हणाल्या. "ऊब खरी आहे."

शेठ थक्क होऊन बघत राहिले. उभा जन्म धंद्यात गेला, पण टेम्पोतून उतरलेला माल पुढे काय करतो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"सही करा. तुमचं काम पक्कं झालं."

शेठ पेन हातात धरून बसले. मग उठले, बाहेर गेले आणि टेम्पोतला एक पाळणा स्वतः उचलून घेऊन आले.

"मॅडम, हा लावा. खरा माल हा आहे."

"काम जाईल तुमचं."

"लावा."

पुन्हा तोच उजेड, तेच पहिलं बाळ, तेच दुसरं. चौथ्या हिवाळ्यात तार तुटली. आतलं बाळ निळं पडत गेलं. पुढे नुसता रिकामा पाळणा दिसत राहिला.

वळवीबाईंनी यंत्र बंद करायला हात पुढे केला.

"थांबा," शेठ म्हणाले. "इतकी वर्षं मी जे पाळणे दिले, ते आत्ता कुठे आहेत, हे यात बघता येईल का?"